चार वर्षं लागू द्या, पण आठवड्याचे साडेबारा तास पक्के करा

तुमचं पत्र थोडक्यात असं: वय ३५, रुग्णालयाच्या प्रशासन विभागात अकरा वर्षं नोकरी. एका ब्रिटिश विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या ऑनलाइन, अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. सत्र सात आठवड्यांनी सुरू होतंय, फी भरायला तीन आठवडे हातात आहेत. मुलगी सहा वर्षांची, नवऱ्याची हरकत नाही. रोज रात्री दोन तास बसून दोन वर्षांत पदवी घ्यायचा बेत आहे. पण ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं असाच अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात सोडला, त्यामुळे धास्ती वाटते. संख्याशास्त्राची भीती आहे, सलग लिहिण्याची सवय गेली आहे. साहेबांना सांगावं का, आणि ऑनलाइन पदवीला किंमत असते का, हेही तुम्ही विचारलंय.

तुम्हाला ही पदवी जमेल. दोन वर्षांत जमणार नाही, आणि रात्रीच्या दोन तासांच्या भरवशावर तर नाहीच.

आधी हिशोब करू. माहितीपत्रकाचं जे पान तुम्ही जोडलंय, त्यात एकूण १८० क्रेडिट आहेत. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम, म्हणजे सगळी पदवी १,८०० तासांची. (युरोपात एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात, म्हणून नुसते क्रेडिटचे आकडे शेजारी ठेवून दोन अभ्यासक्रमांची तुलना करता येत नाही.) यात १५ क्रेडिटची आठ मॉड्यूल (एकेका विषयाचे स्वतंत्र भाग) आणि ६० क्रेडिटचा प्रबंध. एक मॉड्यूल म्हणजे १५० तास, ते १२ आठवड्यांच्या सत्रात बसवायचं तर आठवड्याला साडेबारा तास. व्याख्यानं, वाचन, चर्चा, असाइनमेंट लिहिणं, सगळं यातच आलं.

आता दोन वर्षांचा बेत यावर लावून बघा. वर्षाला तीन सत्रं, म्हणजे दोन वर्षांत सहा. शेवटची दोन प्रबंधाला ठेवली तर उरलेल्या चारांत आठ मॉड्यूल उरकायची, एका वेळी दोन. आठवड्याला २५ तास. पूर्ण वेळ नोकरी आणि रोजचा दोन तासांचा प्रवास सांभाळून २५ तास म्हणजे झोपेवरच घाला, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. एका वेळी एकच मॉड्यूल घेतलंत तर आठ मॉड्यूलना आठ सत्रं, आणि प्रबंधाचे ६०० तास त्याच वेगानं ४८ आठवड्यांत, म्हणजे आणखी चार सत्रांत. सगळी मिळून बारा सत्रं, म्हणजे चार वर्षं. तुमच्या विद्यापीठाची कमाल मुदत पाच वर्षांची आहे, म्हणजे आजारपण किंवा ऑफिसातली धामधूम आली तरी दोन-तीन सत्रांची सवड राहते. पुढे एखाद्या सत्रात हात मोकळा झाला तर दोन मॉड्यूल घेता येतील. पहिल्या सत्रात मात्र कुठल्याही परिस्थितीत एकच.

पहिल्या सत्रात शिक्षण सुटतं ते विषय अवघड असतो म्हणून क्वचितच. दोन मॉड्यूल घेतलेली असतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिल्या असाइनमेंटची तारीख दिसू लागते, नेमकी तेव्हाच ऑफिसात महिनाअखेर येते, आणि मागे पडलेलं भरून काढता काढता चालू आठवडाही हातचा जातो. तुमच्या मैत्रिणीचं काय झालं हे आम्हाला ठाऊक नाही, पण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

साडेबारा तास आणायचे कुठून? रात्री दहा ते बारा, आठवड्याचे सातही दिवस, हे कागदावर चौदा तास होतात. प्रत्यक्षात सातांतल्या तीन रात्री तरी पाहुणे, ताप, नाहीतर नुसता थकवा खातो, आणि उरलेल्या चारांत संख्याशास्त्राचं एक पान तीनदा वाचूनही पदरात काही पडत नाही. म्हणून वेळेची मांडणी तिच्या दर्जाप्रमाणे करा. आठवड्यातून तीन दिवस सकाळी ५:३० ते ६:४५, हे झाले पावणेचार तास. शनिवारी सकाळी ७ ते १०:३०, साडेतीन तास. बसमध्ये बसायला जागा मिळते असं तुम्ही लिहिलंय, तर पाच दिवस फक्त जातानाची चाळीस मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एकेक तास. बेरीज बारा तास पस्तीस मिनिटं. रविवार मोकळा ठेवा. आठवड्यात काही बुडालं तर ते रविवारी भरता येतं. रविवारही आधीच वाटून टाकला तर बुडालेलं पुढच्या आठवड्यावर चढतं.

आता कुठल्या वेळी काय करायचं ते. लिहिणं आणि गणित सकाळी आणि शनिवारी, कारण त्याला ताजं डोकं आणि सलग वेळ लागतो. बसमध्ये आधी निवडून डाउनलोड केलेला एक शोधनिबंध. बसमध्ये बसून शोधाशोध करायची नाही. संध्याकाळी चर्चेतल्या नोंदी, संदर्भ नीट लावणं, ईमेल. ध्वनिमुद्रित व्याख्यान सव्वापट वेगानं ऐका, पण त्याला वेळ धरताना मूळ लांबीच्या दीडपट धरा, कारण मध्ये थांबून टिपणं काढावी लागतात. वेग वाढवला म्हणून वेळ वाचेल, या समजावर आखलेलं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात कोसळतं.

नवऱ्याची हरकत नाही, हे चांगलंच. पण हरकत नसणं वेगळं आणि शनिवारी सकाळी साडेतीन तास मुलीला सांभाळणं वेगळं. ते आजच बोलून ठरवा: शनिवारी ७ ते १०:३० मुलगी कोणाकडे, ती आजारी असेल तर काय, त्या सकाळचा स्वयंपाक कोण बघणार. सकाळच्या तीन दिवसांचंही तसंच. आणि या साडेबारा तासांसाठी आजच्या आठवड्यातून काय जाणार आहे, ते नाव घेऊन लिहून काढा. "वेळ काढीन" असं म्हटलं की तो निघत नाही. कुठली मालिका, कुठली भिशी, कुठल्या दिवशीचं जागरण, हे ठरलं तरच जागा होते.

फी भरण्याआधी हे सगळं करून बघायला तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. त्यातले दोन आठवडे वरच्या वेळापत्रकानं खरोखर बसा. साहित्य म्हणून पहिल्या मॉड्यूलच्या वाचनयादीतलं जे मोफत मिळेल ते घ्या आणि रोज बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. दोन आठवड्यांत २५ तास व्हायला हवेत. २० च्या वर झाले तर फी भरा. १५ ते २० झाले तर कुठली वेळ बुडते ते शोधून ती बदला. १५ च्याही खाली राहिले तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का ते विचारा. हे नापास होणं नव्हे. मोठी रक्कम गुंतवण्याआधी खरी स्थिती कळणं आहे.

संख्याशास्त्राची भीती. सार्वजनिक आरोग्याच्या पहिल्या मॉड्यूलला कॅलक्युलस लागत नाही. टक्केवारी, गुणोत्तर, दर आणि चार खणांचा तक्ता लागतो. तो तक्ता आत्ताच करून बघा. शंभर माणसं दूषित पाणी पिणारी, त्यांतली २० आजारी. दुसरी शंभर स्वच्छ पाणी पिणारी, त्यांतली १० आजारी. पहिल्या गटाची जोखीम २० टक्के, दुसऱ्याची १० टक्के, भागाकार २. याला रिस्क रेशो म्हणतात. आता दुसरा आकडा: पहिल्या गटात आजारी २० आणि बरे ८०, दुसऱ्यात आजारी १० आणि बरे ९०. २० गुणिले ९० म्हणजे १,८००, ८० गुणिले १० म्हणजे ८००, भागाकार २.२५. हा ऑड्स रेशो. माणसं तीच, तक्ता तोच, तरी आकडे दोन. "ऑड्स रेशो २.२५, म्हणजे आजाराची जोखीम सव्वादोन पट" असं लिहिलं की पहिल्याच असाइनमेंटमध्ये गुण जातात. आजार विरळ असेल तेव्हा हे दोन आकडे जवळ येतात, नेहमीचा असेल तर फाकतात. २० आणि १० च्या जागी २ आणि १ घालून बघा, लगेच दिसेल. सत्र सुरू होईपर्यंत असे दहा तक्ते कागदावर सोडवलेत, आणि मग तेच आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून बघितलेत, तर भीती बरीच ओसरेल. उलट क्रमानं गेलात, म्हणजे आधी सॉफ्टवेअर, तर उत्तर येतं पण चुकलं कुठे ते कळत नाही.

वाचनाबद्दल. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत जाऊ नका. आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद (प्रश्न तिथे असतो), मग तक्ते आणि आकृत्या, मग चर्चा. निबंध कामाचा वाटला तरच पद्धतीचा भाग. वाचून झालं की फाइल बंद करून पाच ओळी आठवून लिहा. हे कंटाळवाणं वाटतं, पण याला भक्कम आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची दोन बैठकांमध्ये चार-चार दिवसांची फट पडते, म्हणून तुम्हाला याचा उपयोग जास्त. त्या पाच ओळींखाली आणखी दोन गोष्टी टाका: नमुना किती जणांचा होता, आणि हा निबंध माझ्या कुठल्या मुद्द्याला लागेल.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठवा. ते मोफत आहे, ब्राउझरमधून एका क्लिकवर निबंधाची माहिती उचलतं, आणि एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर तशी सूचनाही देतं. पण उचललेली माहिती तपासा. वर्ष सुटलेलं, लेखकाचं नाव उलटं लागलेलं, शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, या नेहमीच्या चुका. साठवताना दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतं, सबमिट करायच्या रात्री चाळीस संदर्भांना दोन तास.

लिहिण्याची सवय गेली आहे, ती एका असाइनमेंटमध्ये परत येते, मात्र सुरुवात २८ दिवस आधी करायला हवी. समजा ३,००० शब्दांचा निबंध आहे. पहिले दोन दिवस फक्त प्रश्न आणि गुणदानाचे निकष. प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. "वर्णन करा" आणि "चिकित्सक मूल्यमापन करा" यात पास आणि उत्तम गुणांचा फरक आहे. मूल्यमापनात पुरावा किती भक्कम, कोणाला लागू, कुठे तोकडा, हे लिहावं लागतं. पदव्युत्तर पातळीवर परतलेले विद्यार्थी सर्वांत जास्त गुण गमावतात ते इथे: माहिती भरपूर, निवाडा शून्य. ऑफिसात अहवाल लिहिणाऱ्यांना हे विशेष जड जातं, कारण अहवालात सगळ्यांना सांभाळून घ्यायचं असतं आणि निबंधात एक बाजू पुराव्यानिशी घ्यायची असते. दहाव्या दिवसापर्यंत १२ ते १५ शोधनिबंध वाचून संपवा आणि तिथे थांबा. अकराव्या दिवशी आराखडा: प्रस्तावना २५०, समारोप २५०, मधले २,५०० शब्द चार भागांत, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्या भागात काय सिद्ध करायचं ते एका वाक्यात. अठराव्या दिवशी कच्चा खर्डा पूर्ण, कितीही वेडावाकडा असला तरी. दोन दिवस त्याला हात लावू नका. मग दुरुस्ती, मग मोठ्यानं वाचून बघणं, मग संदर्भ. सत्ताविसाव्या दिवशी सबमिट.

शेवटचा दिवस मोकळा ठेवायला कारण आहे. पोर्टलवरची वेळ विद्यापीठाच्या घड्याळाची असते, आणि ब्रिटनमध्ये मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तासानं बदलतं. त्या आठवड्यापासून थेट वर्गाची वेळही तुमच्यासाठी सरकते. सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्या तारखा तुमच्या स्थानिक वेळेत कॅलेंडरमध्ये टाका. सबमिट केल्यावर आलेली पावती जपून ठेवा आणि चढवलेली फाइल पुन्हा उघडून बघा. जुना खर्डा चढवणं ही चूक वाटते त्याहून फार जास्त वेळा होते.

टर्निटिनसारख्या, तुमचं लिखाण इतर मजकुराशी ताडून बघणाऱ्या प्रणालीतल्या साम्याच्या टक्केवारीला घाबरू नका. तो आकडा म्हणजे चोरीचा निकाल नव्हे. अवतरणं आणि संदर्भयादीही त्यात मोजली जाऊ शकतात. धोका असतो तो समोर मूळ वाक्य ठेवून शब्द बदलत लिहिण्यात. वरच्या पाच ओळींच्या टिपणावरून लिहिलंत तर तो प्रश्नच येत नाही. स्वतःच्या जुन्या असाइनमेंटमधला परिच्छेद न सांगता पुन्हा वापरणंही नियमभंगात येतं. एआय साधनांचे नियम मॉड्यूलनुसार बदलतात, ते आधी वाचा. त्यांनी दिलेला एकही संदर्भ मूळ निबंध उघडल्याशिवाय घेऊ नका, कारण अस्तित्वात नसलेले निबंध ती बेलाशक रचून देतात. खर्ड्याच्या जुन्या आवृत्त्या ठेवा. शंका घेतली गेली तर तोच तुमचा पुरावा.

आणि मागे पडलात तर? पडालच, एकदा तरी. तेव्हा राहिलेले आठवडे क्रमानं भरून काढायला जाऊ नका. चालू आठवड्यात उडी घ्या, आणि मागचं फक्त तेवढंच वाचा जे असाइनमेंटला लागतंय. बाकी सोडून द्या. ट्यूटरला दोन ओळींचं ईमेल त्याच आठवड्यात करा, महिन्यानं नको. मुदतवाढ लागणार असेल तर अर्ज तारखेच्या आधी जायला हवा, आणि नेहमीचं ऑफिसचं काम हे कारण बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण ते आधीपासून माहीत असतं. आजारपण, घरातली अडचण चालते, कागदासह. एका सत्रापुरता अभ्यास रीतसर थांबवण्याचीही सोय असते. न सांगता गायब झालात तर नापास शेरा लागतो, अर्ज करून थांबलात तर लागत नाही.

साहेबांना सांगा, पण नुसतं "शिकतेय" असं नको. दोन ठोस गोष्टी मागा: आठवड्यातल्या त्या दोन ठरलेल्या संध्याकाळी उशिराच्या बैठका नकोत, आणि वर्षाला पाच-सहा दिवसांची रजा आधी तारखा देऊन. संस्था फी देणार असेल तर करार नीट वाचा: किती महिने नोकरी सोडता येणार नाही, सोडली तर सगळी रक्कम परत की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि मुदत कधीपासून मोजतात. अभ्यासक्रम संपल्यापासून मोजत असतील तर चार वर्षांच्या अभ्यासानंतर आणखी दोन वर्षं तुम्ही तिथेच बांधलेल्या.

प्रबंधासाठी रुग्णालयाची आकडेवारी वापरायचा विचार मनात येईल, आणि तो चांगलाच आहे. पण रोजच्या कामात ती माहिती तुमच्यासमोर असते म्हणून ती संशोधनाला वापरता येते असं नाही. रुग्णालयाची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, दोन्ही आकडेवारीला हात लावण्याआधी लागतात. आधीच गोळा झालेल्या नोंदींनाही बहुधा लागतात. ही कागदपत्रं पुढे-मागे फिरण्यात महिने जातात. प्रबंधाच्या आधीचं शेवटचं मॉड्यूल चालू असतानाच प्रस्ताव तयार ठेवा, नाहीतर ४८ आठवड्यांतले पहिले दहा-बारा वाट बघण्यातच संपतील.

पदवीच्या किमतीबद्दल. विद्यापीठात न जाता पदवी घेणं नवं नाही. लंडन विद्यापीठानं १८५८ मध्येच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या, आणि ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ पासून नोकरदार घरी बसून पदवीचा अभ्यास करत आले आहेत. तरी तुमच्यापुरता प्रश्न इतकाच, की जिथे तुम्ही ती दाखवणार तिथे ती चालते का. बढतीसाठी हवी असेल तर मनुष्यबळ विभागाकडून, सरकारी पदासाठी किंवा पीएचडीसाठी हवी असेल तर त्या त्या मान्यता देणाऱ्या संस्थेकडून, उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालेल"वर चार वर्षं लावू नका.

विद्यापीठाला या आठवड्यातच एक ईमेल करा. त्यात चार प्रश्न: पहिल्या सत्रात एकच मॉड्यूल घेता येतं का आणि फी मॉड्यूलप्रमाणे भरता येते का, कुठल्या तारखेपर्यंत मॉड्यूल सोडलं तर गुणपत्रिकेवर नोंद होत नाही आणि फी परत मिळते, प्रमाणपत्रावर "ऑनलाइन" असा उल्लेख असतो का, आणि मध्येच थांबावं लागलं तर ६० क्रेडिटवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० वर पदव्युत्तर पदविका मिळते का. ब्रिटिश अभ्यासक्रमांत हे दोन टप्पे सहसा असतात. तुमच्याकडे ते असतील तर पहिल्या चार मॉड्यूलनंतरही हातात एक कागद येतो, आणि पुढचं तेव्हा ठरवता येतं.